लसविरोधक गोदामामी

गोदामामीनं जन्मात कशालाच विरोध केला नाही, असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. कुंभेरवाडीच्या फाट्यावर दारूचं दुकान येणार होतं, तेव्हा तिनं रस्त्यात बाज टाकून ठाण मांडलं होतं. डोंगर पोखरणाऱ्या ठेकेदाराला भर ग्रामसभेत उभा-आडवा घेतला होता. सख्ख्या दिराच्या दुसऱ्या लग्नाला गेली नाही ती नाहीच. पण लशीला विरोध? छे! वाडीतल्या सगळ्या लेकरांना मांडीवर घेऊन, त्यांचे पाय घट्ट धरून टोचून घ्यायला लावणारी बाई ती. हेमांगीलाही लहानपणी तिनंच असं धरलं होतं. आई गेल्यावर हेमांगी मामाच्या घरीच वाढली.

तीच मामी आश्विनातल्या एका सकाळी पुण्यात येऊन थडकली. लस अभियानाच्या कचेरीत, हेमांगीच्या काचेच्या खोलीत, पिशवी पायाशी ठेवून ती ताठ बसली. चहा नको म्हणाली. पाणीही नको म्हणाली. मामीनं पाणी नाकारलं म्हणजे प्रकरण साधं नाही, हे हेमांगीनं ओळखलं.

"लसविरोधक म्हंजे काय गं, हेमे?"

हेमांगीला उत्तर शोधावं लागलं नाही. त्या शब्दाचा अर्थ तिनंच ठरवला होता. लस दाराशी आली असताना, समजावून सांगूनही जो ती नाकारतो, तो लसविरोधक. हे वाक्य राज्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागलं होतं, आणि त्याचं तिला मनातून कौतुक होतं.

"मग मी त्यात कुठं बसते?" मामी म्हणाली. "पंधरा दिवस झालं, मी लस मागतीय. फोन लावला की एक गोड बोलणारी बाई येते. मी म्हंते पुडी दे, ती म्हंते भिऊ नका. मी म्हंते भीत न्हाई, पुडी दे. ती म्हंते तुमच्या शंका आम्ही समजू शकतो. अगं, शंका कुणाला हाय?"

हेमांगीला हसू आलं आणि लगेच विरलंही, कारण ती बाई कोण हे तिला चांगलं ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. गेली काही वर्षं घाटमाथ्यावर एक नवा ताप फिरत होता. भातखाचरातल्या चिलटांमधून तो यायचा, परतीच्या पावसानंतर जोर धरायचा. मोठी माणसं चार दिवस कण्हून उठायची. लहान मुलंही उठायची, पण त्यातल्या बऱ्याच जणांचे कान गेलेले असायचे. आईनं मागून हाक मारावी आणि पोरानं मान वळवू नये, तेव्हा घराला कळायचं. कानांत दडे बसवतो म्हणून लोकांनी त्याला नाव दिलं होतं दडाताप.

त्यावर लस निघाली ती मोठी अजब. सुई नाही, थंड पेटी नाही. दूध विरजवणारे जे जिवाणू असतात, त्यांच्यातल्या एका जातीच्या अंगावर शास्त्रज्ञांनी त्या विषाणूच्या कवचाचा एक निरुपद्रवी तुकडा उगवायला लावला. त्या जिवाणूंची पुडी कोमट दुधात टाकायची, दही लावायचं, आणि घरानं ते रोज खायचं. तो तुकडा पोटातल्या संरक्षक पेशींच्या नजरेस रोज पडतो, आणि साधारण दोन आठवड्यांत शरीर खऱ्या विषाणूला ओळखायला शिकतं. शिवाय त्या दह्यातलं चमचाभर विरजण शेजारणीला दिलं की तिच्या घरीही लस पोचली. महिना-दीड महिन्यानं घरातले जुने जिवाणू या नव्या पाहुण्यांना हुसकावून लावतात, म्हणून दर मोसमाला ताजी पुडी लागते, इतकंच.

पुड्या मोजक्या बनत होत्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून हेमांगीनं 'कानोसा' हे यंत्र घडवलं. ती भाषाशास्त्र शिकलेली, आणि यंत्रांना माणसांचं बोलणं शिकवणं हे तिचं काम. कानोसा घरोघर फोन करायचा, दोन घटका बोलायचा आणि त्या घराला एक शब्द लावायचा. तयार, कुंपणावर, किंवा लसविरोधक. लाखो संभाषणांवरून तो एवढंच शिकला होता की कोणतं वाक्य बोलणारी माणसं पुढं काय करतात. 'आमच्यात चालत नाही' असं म्हणणारी घरं सहसा लस घेत नाहीत, हे त्याला आकड्यांवरून कळलं होतं. लाखांत ते खरंच होतं. लाखांत खरं ते एका घरात खरं असेलच असं नाही, पण तेवढा पोच यंत्राला कुठून असणार?

लसविरोधक ठरलेल्या घराची पुडी दुसरीकडं जायची. त्या घरातून अभियानाच्या कुठल्याही नंबरावर फोन आला तर तो डॉक्टरांकडं न जाता समजूत घालणाऱ्या गोड आवाजाकडं वळायचा. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी फोनवर इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या की ही सोय सगळ्यांना देवासारखी वाटली. आणि कुठल्या घराला कुठला शब्द लागला, ते कुणालाही फोनवरच्या नकाशात बघता येत होतं. तयार घर हिरवं, विरोधक तपकिरी.

"तू कानोसाला काय सांगितलंस, मामी?"

"खरं तेच. दही घरात घेणार न्हाई, आमच्यात चालत न्हाई."

"का पण?"

"भादवा हुता की गं!"

हेमांगीनं कपाळावर हात मारून घेतला. चातुर्मासात श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, असा जुना नेम. कुंभेरवाडीनं बाकीचं सगळं सोडलं होतं, पण भाद्रपदातल्या दह्याचा नेम घराघरात होता. तिच्या ताटातही मामीनं त्या महिन्यात कधी दही वाढलं नव्हतं. आणि पुड्या वाटायला भाद्रपद निवडला होता तो अभियानानंच. गणपतीला मुंबई-पुण्याची सगळी माणसं गावी येतात, घरं भरलेली असतात, याहून चांगला मुहूर्त कोणता? बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सगळी मराठी माणसं, सगळ्यांच्या घरी मोदक होणार होते, आणि एकालाही दही आठवलं नाही.

"भादवा सरला तशी मी मागाया लागले," मामी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "शेजारच्या शेळवंड्याच्या बाया गिरणीत आमचं डबं बाजूला सारतात. म्हंत्यात, विरोधकवाडीचं दळण आमच्यात नको. माझी नात जुई चार वर्साची हाय, हेमे. मला कुणी काय बी म्हणू दे. तिचं कान गेलं तर मी कुणाला धरू?"

हेमांगीनं ताबडतोब डॉ. पोंक्ष्यांना फोन लावला. अभियानाचे प्रमुख. माणूस सज्जन, पण त्या दिवशी दिल्लीत होते. कानोसा अख्ख्या देशानं घ्यावा म्हणून त्यांचं बोलणं चाललं होतं. तिनं सगळी हकीकत सांगितली. कुंभेरवाडीवरचा शब्द काढा आणि पुड्या पाठवा, एवढंच मागणं. पोंक्षे म्हणाले की तसा रस्ताच ठेवलेला नाही. शब्द काढायचा तर त्या घरानं लस घ्यायला हवी, लस घ्यायची तर पुडी हवी, आणि पुडी हवी तर आधी शब्द निघायला हवा. पुढाऱ्यांनी आपापल्या गावाचे शब्द बदलून घेऊ नयेत म्हणून यंत्राला माणसाचा हात लागू द्यायचा नाही, हा नियम हेमांगीनंच हट्टानं करवून घेतला होता.

"दार तू बंद केलंस, हेमांगी," ते म्हणाले, "आणि किल्ली विहिरीत टाका म्हणून सगळ्यांत मोठ्यानं तूच ओरडलीस. दिल्लीचं आटपू दे. मग बघू."

हेमांगीचा तोल गेला. ती म्हणाली, कुंभेरवाडीचं बरोबर आहे, चूक आपली आहे, आपण लोकांना फसवतोय, आणि हे असंच चालणार असेल तर आधी पुड्या वाटणं थांबवा. फोन आपटून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं राग निवला, तसं तिनं पोंक्ष्यांना पुन्हा फोन लावला.

"नमस्कार, हेमांगीताई," गोड आवाज म्हणाला. "लशीबद्दल तुमच्या मनात काळजी आहे, आणि काळजी वाटणं अगदी स्वाभाविक आहे."

ते वाक्य हेमांगीनंच लिहिलं होतं. तिनं नकाशा उघडून पाहिला. तिचं पुण्यातलं घर तपकिरी झालं होतं. कर्मचाऱ्यांची बोलणीही कानोसा ऐकायचा, आणि ऐकून त्यानं आपलं काम चोख बजावलं होतं. तिनं तीनदा फोन लावून पाहिला, तीनदा त्याच बाईनं तिची समजूत काढली. मामी कान देऊन ऐकत होती.

"हीच ती बया," ती म्हणाली. "घावली का तुला बी?"

संध्याकाळच्या गाडीनं दोघी निघाल्या. पुडी नाही मिळाली तरी विरजण तर शेळवंड्याच्या घराघरात होतं, आणि शेळवंडं वाडीपासून हाकेच्या अंतरावर. मामी वाटेत एकदाच बोलली: गिरणीत डबा सारणाऱ्या बायांच्या दारात मी वाटी घेऊन जाणार नाही. हेमांगी म्हणाली, तू नको जाऊ, मी मागते.

सकाळी शेळवंड्याच्या डेअरीवर दूध घालायला सगळं गाव जमतं. त्या दिवशी गर्दीत कुजबुज होती, कारण डोंगरापलीकडच्या वस्तीत दडातापाचा पहिला रोगी सापडल्याची बातमी आदल्या रात्रीच आली होती. किटल्या खाली ठेवून माणसं घोळक्यानं बोलत होती. गोदामामीला बघताच घोळके मागं सरकले.

हेमांगी डेअरीच्या पायरीवर उभी राहिली. आपण कोण ते तिनं सांगितलं. तुमच्या फोनवर कुंभेरवाडी तपकिरी दिसते तो रंग माझा, तो शब्द माझा, आणि तो चुकीचा लागलाय, हेही सांगितलं. मग नेमाची गोष्ट सांगितली. गर्दीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी मान हलवली. त्यांच्या सासवांनी हाच नेम पाळला होता. पण पुढं उभी असलेली सरूबाई काही विरघळली नाही. डबा सारण्यात पहिला हात तिचाच होता.

"नेम आमच्यात बी हुता," ती म्हणाली. "पोरांसाठी आम्ही मोडला. ह्यांनी का न्हाई मोडला?"

प्रश्न वाजवी होता. मामीच पुढं झाली.

"मला इचारलं असतं तर मोडला असता," ती म्हणाली. "त्या फोननं इचारलं, घेणार का न्हाई घेणार. का घेणार न्हाई, हे कुणी इचारलं? कुणी म्हणलं असतं की गोदे, जुईच्या कानांचा सवाल हाय, तर देवासमोर नाक घासून मी त्याच दिशी दही लावलं असतं. मला काय देव जास्त आन् नात थोडी हाय का?"

तेवढ्यात एक काठी वाजली. बाजीआण्णा पुढं आले. एसटीत कंट्रोलर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, गावात शब्दाला वजन. एका पायानं लंगडत ते पायरीशी आले आणि गावाकडं तोंड करून उभे राहिले.

"माझं घर नकाशात कसं दिसतं?" त्यांनी विचारलं. हिरवं, असं कुणीतरी सांगितलं. "हिरवंगार! मी लस घेतली नाही. पुडी गोठ्यामागच्या गटारात सोडली. लहानपणी एका सुईनं माझा हा पाय घेतला, तेव्हापासून लस म्हटलं की माझ्या अंगाला कापरं सुटतं. पण फोन आला की मी म्हणायचो, हो घेतली, छान आहे, आभारी आहे. तपकिरी व्हायची लाज वाटली. तुम्ही गोदाबाईचा डबा सारत होतात ना, मी तिथंच दळण घेऊन उभा होतो. मी तोंड उघडलं नाही."

गावाला हे अगदी नवं होतं. सरूबाईनं पदर तोंडाला लावला. हेमांगीला तर आपल्या यंत्राची आणि आपल्या शब्दाची शरम वाटली. खरं बोलणारी तपकिरी, आणि गोड बोलणारा हिरवा. वर्षभर तिनं नेमकं हेच मोजलं होतं.

पण शरमेत रुतून बसणारी ती नव्हे; मामीच्या हाताखाली वाढलेली पोर. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाजीआण्णांचं घर हिरवं, म्हणजे त्यांचा फोन थेट लागणार! तिनं आण्णांकडं त्यांचा फोन मागितला आणि पोंक्ष्यांचा नंबर लावला. गोड आवाज आला नाही. पहिल्याच घंटीला पोंक्षे स्वतः बोलले. हेमांगी काही सांगणार तोच आण्णांनी फोन परत घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "मी तुमच्या यंत्राचा लाडका माणूस बोलतोय. मी लसविरोधक आहे."

मग त्यांनी गटारापासून गिरणीपर्यंत सगळं सांगितलं. पोंक्ष्यांनी मध्ये अडवलं नाही. कानोसा देशभर नेण्याची दिल्लीतली बैठक तासाभरावर आली होती. तरी ऐकून झाल्यावर त्यांनी हेमांगीला फोनवर बोलावलं आणि एकच वाक्य बोलले: कानोसा बंद कर, दिल्लीला काय सांगायचं ते मी बघतो.

फोन ठेवेपर्यंत सरूबाई गर्दीतून नाहीशी झाली होती. परत आली ती झाकलेली वाटी घेऊन. गोदामामीसमोर धरली, पण नजर वर करायचं धाडस होईना. "कालच लावलंय," ती म्हणाली. "घट्ट हाय."

मामीनं वाटी घेतली. रागावलेली होतीच, पण जुईपुढं राग किती टिकणार? सरूबाईच्या मागोमाग आणखी बाया आपापल्या घरी पळाल्या, आणि न्याहारीच्या आत कुंभेरवाडीच्या प्रत्येक चुलीवर दूध कोमट होत होतं. हेमांगीनं आण्णांना एकट्यानं गाठून सांगितलं की या लशीत सुई नाही, पण तुम्ही आज काही ठरवू नका, मनात येईल ते मला विचारा. आण्णा म्हणाले, गोदाबाईच्या नातीचं बरं चाललेलं दिसलं की मग बघतो. ते मामीनं ऐकलं. माझ्या नातीवर प्रयोग करतोस व्हय रे, म्हणून तिनं त्यांना असं झापलं की आण्णा कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मोकळे हसले.

कानोसा पुढं पुन्हा सुरू झाला, पण घरांना शब्द लावणं त्याच्याकडून काढून घेतलं. कुणी 'नको' म्हटलं की त्या घरी माणूस फोन करायचा आणि एकच विचारायचा: का? कुणाची म्हैस आटली होती, कुणाच्या पोराला दूधच पचत नव्हतं, कुणाला वाटत होतं की पुडीचे पैसे पडतात. अस्सल विरोधकही निघाले, नाही असं नाही. त्यांच्याशी हेमांगी स्वतः तासन्‌तास भांडायची. काही वळले, काही नाही. पण आता ते तोंडावर भांडत होते, हिरव्या घरात लपून बसत नव्हते. तो शब्द कोशात राहिला. दारावर लावायचं बंद झालं.

हे सगळं मागाहून झालं. पण ताप काही कुणाच्या सुधारणेसाठी थांबत नाही. परतीचा पाऊस ओसरला आणि दडाताप डोंगर उतरून आला. वाडीनं दही खायला लागून दोन आठवडे जेमतेम होत होते. जुई तापानं फणफणली, आणि तिसऱ्या दिवशीही ताप हटेना तेव्हा मामीचा फोन आला. हेमांगी मिळेल त्या गाडीनं निघाली. दही लागू पडलं असेल तर कान वाचतील. दिवस कमी पडले असतील तर नाही. विज्ञान एवढंच सांगत होतं, आणि बाकीचं वाट बघणं होतं.

ती पोचली तेव्हा ताप उतरला होता. जुई अंगणात दाराकडं पाठ करून बसली होती, मातीत बोटानं काहीतरी रेघोट्या ओढत. मामी, सून, मुलगा, सगळे उंबऱ्यात उभे होते. सकाळपासून पोर कुणाशी बोलली नव्हती. मागून हाक मारायची कुणाची हिंमत होत नव्हती. मामी, जिनं ठेकेदाराला रडवलं होतं, तिनं हेमांगीचं मनगट धरलं आणि म्हणाली, तू मार.

"जुई," हेमांगीनं हाक मारली.

पोर हलली नाही. तिचं बोट मातीत फिरतच राहिलं.

"जुई!" हेमांगी पुन्हा म्हणाली. मग ती तशीच अंगणात उतरली, पोरीच्या मागे उकिडवी बसली, आणि तिनं विचारलं, "का गं, बाळा?"

"ऐकलंय मी मगाशीच," जुई मान न वळवता म्हणाली. "मी रुसलेय. चार दिवस मला कुणी दही दिलं न्हाई."